डावी बाजू भिंगवाल्यांची

ज्या वस्तूवर जीव आहे तिला माणूस हात लावल्याशिवाय राहत नाही. त्यात वाईट काही नाही, देवाने हात दिले ते लावण्यासाठीच. पण तो किती जोराने लावायचा, हे ज्याचं त्याला शोधावं लागतं, आणि कुणाकुणाला शोधायला सव्वीस वर्षं लागतात. आमच्या भिंगवाल्यांना लागली.

भिंगवाल्यांचं चष्म्याचं दुकान होतं. ते बंद करून चार वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना भिंगवालेच म्हणते. तयार काचा येऊ लागण्याआधीच्या काळात ते स्वतः भिंगं घासत. चाक फिरतंय, पाण्याची धार लागलीय, काच बोटांत धरलीय, आणि तिच्यावरचा ओरखडा नाहीसा होईपर्यंत बोटं हलत नाहीत. अख्ख्या आयुष्यात त्यांचा एकच सिद्धांत: धूसर दिसलं की घासा.

त्यांच्या पत्नीला गल्ली ताई म्हणते. ताईंनी लहान मुलांच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. त्यांचे वडील मोटारी रंगवायचे. हातातली रंगाची बंदूक खाली ठेवण्याआधी त्यांनी शेवटची गाडी रंगवली ती लेकीची. गाडी जुनीच घेतलेली होती, रंग उडालेली. त्यांनी ती पत्र्यापर्यंत खरवडली, राखाडी अस्तर दिलं आणि वर शाईसारख्या गडद निळ्याचे चार थर चढवले. प्रत्येक थर वाळला की पाण्याखाली घासायचा, मग पुढचा. नजर तेव्हा अधू झाली होती. जावयाने करून दिलेला चष्मा नाकावर चढवून, बारा दिवस खपून, त्यांनी ते काम केलं. त्यानंतर पाचच महिन्यांत ते गेले. ताईंकडे वडिलांचे दोन फोटो आहेत, पण विचाराल तर त्या गाडीकडे बोट दाखवतात.

आता ही गाडी जपायची कशी, तर दर सहाव्या रविवारी वॅक्स. सकाळी ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत गाडी धुवायची, कोरडी करायची. मग ताई हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून बोटं फिरवतात. नुसत्या हाताला जी कचकच कळत नाही ती पिशवीतून कळते. मग वॅक्स, अगदी पातळ, एका वेळी एकच दार. वाळून पांढुरकं झालं की मऊ फडक्याने पुसायचं. एवढंच काम, पण दोघांचा मिळून अख्खा सकाळचा वेळ जातो, कारण मध्ये भांडण असतं.

भांडणाचं कारण वाटणी. पहिल्या रविवारी भिंगवाले डावीकडे उभे होते आणि ताई उजवीकडे, तेव्हापासून डावी बाजू त्यांची, उजवी ताईंची. बॉनेट, टप आणि डिकी मधोमध निम्मी निम्मी.

“तुमचा हात माझ्या हद्दीत आलाय,” ताई टपावरून म्हणतात.

“हद्द कुठे आखलीय?”

“मला दिसते. तुम्हाला दिसत नसेल तर एक चांगला चष्मा करून घ्या कुणाकडून तरी.”

“माझी बाजू बघ आणि मग बोल. यात बघून भांग पाडता येईल.”

“तुम्हाला भांग कुठला पाडायचाय, केस आहेत का.”

आणि खरंच, डावी बाजू जास्त चमकायची. समोरचा शिंपी दुकान उघडता उघडता दरवेळी म्हणायचा, “ताई, आजही हरलात.” ताई हसायच्या, पुढच्या वेळी जास्त वेळ फडकं फिरवायच्या. डावीची बरोबरी व्हायची नाही.

त्यामागची गोष्ट अशी. वॅक्सच्या रविवारी भिंगवाले तासभर आधी उठायचे. “मी जरा साफ करायला घेतो,” म्हणून खाली जायचे आणि वर्षातून तीन-चारदा तरी आपल्या बाजूला कंपाउंड लावायचे. कंपाउंड म्हणजे दिसायला मलम, पण आत बारीक कणी. ओरखडे खरवडून काढायचं औषध. त्यांना त्यात लबाडी वाटत नव्हती. धूसर झालंय, घासायचं, झालं. फडकं निळं व्हायचं. भिंगवाल्यांना वाटायचं, जुनं वॅक्स आणि धूळ निघतेय. भिंग घासताना पाणी गढूळ होतंच की. फडकं गढूळ झालं म्हणजे काम नीट चाललंय, असा त्यांचा हिशोब, आणि आपली फडकी आपणच धुवायची त्यांची शिस्त असल्याने तो निळा रंग दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडला नाही.

मग एका रविवारी बॉनेटच्या डाव्या कडेला, दिव्याच्या जरा वर, त्यांना एक राखाडी डाग दिसला. तिळाएवढा. भिंगवाल्यांनी डागाचं जे करायचं तेच केलं. घासला. तो वाटाण्याएवढा झाला. हट्टी दिसतोय, असं म्हणून त्यांनी कंपाउंड पुन्हा घेतलं, आणि ताईंची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत डाग अंगठ्याएवढा झाला होता. त्यांनी त्यावर वॅक्सचा जाड थर थापला आणि सकाळभर तिथून हलले नाहीत. ताईंना वाटलं, आज यांच्या अंगात भलताच उत्साह आहे.

सोमवारी दळणाचं निमित्त करून ते गाडी घेऊन रंगाऱ्याकडे गेले. हा रंगारी सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःच पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा बांधून काम करणारा. त्याने डाग पाहिला आणि त्यावरून बोट फिरवलं.

“निघेल ना?” भिंगवाल्यांनी विचारलं.

“भावोजी, हा डाग नाही. हे अस्तर आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे वरचं सगळं निघून गेलंय. आता काढायला काही उरलं नाही, हेच दिसतंय ते.”

त्याने आतून रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र आणलं. उजव्या दारावर टेकवलं, एकशे वीस आकडा आला. डाव्या दारावर टेकवलं, पंचावन्न. डाव्या कडांवर टेकवायला तो तयारच होईना.

“आजकालच्या गाड्यांना वर एक पारदर्शक थर असतो,” रंगारी म्हणाला. “याला तो नाही. ही चमक म्हणजे रंगच. फडकं निळं व्हायचं का तुमचं?”

भिंगवाल्यांनी मान हलवली.

“तो रंग होता, भावोजी. सव्वीस वर्षं थोडा थोडा फडक्यात. इतका टिकला तो उस्तादांच्या चार थरांमुळे. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर दहा वर्षांत पत्रा दिसला असता.” मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, “ताईंना माहीत आहे?”

“नाही.”

“मग सांगा. मी सांगणार नाही. मला त्यांनी शाळेत असताना पाढे शिकवलेत, अजून भीती वाटते.”

भिंगवाले दळण न घेताच घरी आले.

त्यांच्या छातीवर जे ओझं होतं ते गाडीचं नव्हतं. पत्रा काय, पुन्हा रंगवता येतो. पण सासऱ्यांनी बंदूक पुन्हा हातात धरणं शक्य नव्हतं, आणि त्यांनी जे ठेवलं होतं त्यातलं निम्मं या माणसाने घासून मोरीत सोडलं होतं. हे बायकोला सांगायचं कसं? सहा दिवस त्यांनी गाडी उलटी लावली, डावी बाजू भिंतीला चिकटून. रोज संध्याकाळी देवासमोर हात जोडताना ते एकच मागायचे, की शब्द मिळू दे. शब्द काही मिळाले नाहीत. रविवारी सकाळी ताई कचऱ्याचा डबा घेऊन खाली आल्या आणि थांबल्या.

“गाडी आठवडाभर अशी का लावताय? मी चालवायला दार उघडून बसते, तुम्हाला मात्र शेजारी बसायला गिअरवरून उडी मारावी लागते. व्यायाम चाललाय का?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. नीट नाही, उलटसुलट सांगितलं. आधी यंत्राचा आकडा, मग फडकी, मग कंपाउंड, मग डाग.

ताईंनी डबा खाली ठेवला. “गाडी पुढे घ्या,” म्हणाल्या. त्यांनी घेतली. ताई वाकल्या आणि डागावर बोटं ठेवून उभ्या राहिल्या.

“किती वर्षं?”

“पहिल्यापासून.”

“कशासाठी?”

आता भिंगवाल्यांना दहा कारणं सांगता आली असती. ओरखडे होते, धूळ होती, हवा खराब आहे. पण त्यांनी खरं ते सांगितलं. “तुझ्या बाजूपेक्षा जास्त चमकावी म्हणून.”

ताईंनी डागावरची बोटं उचलली. म्हणाल्या, “आणि मला काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, मी त्यांची मुलगी, पण त्यांच्या रंगाची जाण तुम्हाला जास्त. दरवेळी मी वर जाऊन हात धुताना हाच विचार करायचे. की माझ्या हातात ते नाही.”

हे मात्र भिंगवाल्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं. शिंपी हसायचा, ताई हसायच्या, म्हणून तेही हसायचे. जन्मभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले आणि घरातला हा चेहरा वाचायचा राहिला. ते पायरीवर बसले.

“मी पुन्हा हात लावणार नाही गाडीला,” ते म्हणाले.

“ते आपण बघू,” ताई म्हणाल्या आणि डबा उचलून निघून गेल्या. त्या दिवशी जेवताना त्या मोजकं बोलल्या. मंगळवारी जरा जास्त. बुधवारी त्यांनी गाडीची किल्ली मागितली आणि म्हणाल्या, “चला, तुम्हीही या. तुमच्याशिवाय काय सांगणार मी रंगाऱ्याला.”

रंगाऱ्याने त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. “ताई, माझं ऐकाल तर अख्खी गाडी करून देतो. नवीकोरी दिसेल. तुमच्याकडून फक्त मालाचे घेईन.”

“अख्खी म्हणजे उजवीसुद्धा खरवडणार?”

“ते करावंच लागतं. नाहीतर दोन्हीकडे फरक दिसतो.”

“मग नको. जिथे अस्तर दिसतंय तेवढंच झाक.”

“ताई, तो निळा आता जसाच्या तसा मिळत नाही. ठिगळ दिसेल.”

“दिसू दे. बाबांनी माझ्या लहानपणी माझ्या सायकलला लावलेलं ठिगळ तर हिरवं होतं. मी तशीच फिरले.”

रंगाऱ्याने दोन दिवस घेतले आणि काम जीव ओतून केलं. तरी सकाळच्या उन्हात तेवढी जागा जरा फिकी, आकाशी रंगाकडे झुकणारी दिसते. पाच पावलांवरून कळतही नाही. दोन पावलांवरून कळतं.

पुढचा वॅक्सचा रविवार आला. भिंगवाले तासभर आधी उठले नाहीत. ते गादीवर तसेच पडून राहिले, कारण खाली जाऊन आता आपण करायचं काय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी चहा पिऊन ते निव्वळ बादली उचलायला म्हणून जिना उतरले. गाडी धुऊन झाली, कोरडीही झाली. ते भिंतीशी उभे राहिले.

ताई पिशवी चढवलेला हात पुसत म्हणाल्या, “उभे काय राहिलात पाहुण्यासारखे? फडकं घ्या.”

त्यांनी घेतलं आणि सवयीने डावीकडे वळले.

“तिकडे नाही. आजपासून ती माझी. तिथे उरलंय थोडं, ते मी सांभाळते.” ताईंनी वॅक्सचा डबा बॉनेटवरून त्यांच्या हातात दिला. “तुम्ही उजवीकडे या.”

भिंगवाले जागीच थांबले. उजवी म्हणजे अख्खे चार थर. सासऱ्यांच्या हातचं पूर्ण काम एवढंच आता जगात शिल्लक.

“अगं, ती बाजू नको. मला माझाच भरवसा नाही.”

“मला आहे. आणि मी समोरच उभी आहे, टपावरून सगळं दिसतं. लावा.”

त्यांनी बोटभर वॅक्स घेतलं. मग त्यातलंही अर्धं डब्यात परत टाकलं. उजव्या दारावर हात ठेवला तो असा, की झोपलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवावा. गोल, हळू, पुन्हा गोल.

“अहो, लावताय की गोंजारताय?” पलीकडून आवाज आला. “जरा तरी दाबा. असं केलंत तर दुपारचं जेवण संध्याकाळी होईल.”

“होऊ दे,” भिंगवाले म्हणाले.

वॅक्स वाळलं, पांढुरकं झालं. त्यांनी ते पुसलं आणि फडकं उलटं करून उजेडात धरलं. ते पांढरंच होतं. त्यांनी ते टपावरून ताईंना दाखवलं. ताईंनी मान डोलावली आणि आपल्या दाराकडे वळल्या. शिंप्याने दुकानाचं शटर वर केलं, गाडीकडे पाहिलं, मग दोघांनी बदललेल्या जागांकडे पाहिलं आणि आत जाऊन दिवा लावला.

भिंगवाले मागच्या दाराला लागले.