साबणाला चावलं कोण

'मुलं म्हणजे देवाघरची फुलं' असं जो गृहस्थ पहिल्यांदा म्हणाला, त्याने आयुष्यात एकदाही फरशी पुसलेली नसणार. या घरातल्या फुलाला सगळे टोळ म्हणायचे. मुलगी पाच वर्षांची, पण जिथून जाईल तिथे मागे काही शिल्लक नाही.

टोळाची आई घरीच कवळ्या बनवायची. स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल, त्यावर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, ही दात घडवायची. या महिन्यात दोन कवळ्या परत आल्या होत्या. कालच डॉक्टर गोड आवाजात म्हणाले होते, "बाई, तिसरी परत आली तर मला दुसरीकडे बघावं लागेल." ती तिसरी कवळी एका निवृत्त हेडमास्तरांची होती आणि आज चार वाजता पोचवायची होती.

सकाळी टोळाने प्लास्टरची अख्खी पिशवी बादलीत ओतून पाण्यात ढवळली. तासाभरात बादलीत दगड. सांडलेलं फरशीवरून खरवडण्यात आईची दुपार गेली आणि कवळीची शेवटची तपासणी राहिली. राहिली कसली, तिनेच राहू दिली. एक दिवस नाही केली तर काय आभाळ कोसळतंय?

तीन वाजता डबी उघडते तर डबी रिकामी.

"टोळे!"

पलंगाखालून आवाज आला, "मी नाहीये."

"दात कुठायत?"

"तोंडात."

"तुझे नाही गं कार्टे, हेडमास्तरांचे!"

"ते फिरायला गेलेत."

सोफ्यावरून सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "माझा मुलगा लहानपणी बसवला तिथंच बसायचा हो."

"अजून तिथंच बसतो," सून म्हणाली आणि शोधाला लागली.

दात खरोखरच फिरून आले होते. न्हाणीघरात साबणाचा लचका तोडलेला. टोपलीतली काकडी चावलेली. कपाटातली मेणबत्ती चावलेली. नवऱ्याच्या नव्या चपलेच्या अंगठ्यावर तर असा चावा, की चपलेलाच इंजेक्शन द्यावं. शेवटी दात सापडले टोळाच्या कापडी अस्वलाच्या पोटात, शिवण उसवून कोंबलेले.

"त्याला भूक लागली होती," टोळ पलंगाखालून म्हणाली. "मी आधी सगळं चावून बघितलं. वरचे एका हातात, खालचे एका हातात."

आईने दात खसाखसा धुतले, डबीत ठेवले, झाकण लावलं. साबण फेकायला उचलला आणि थबकली. डाव्या बाजूला दाढेचा खोल खड्डा, उजवीकडे नुसता ओरखडा. कार्टीने हात वाकडा धरला असेल. काकडी पाहिली. डावीकडेच खोल. मेणबत्ती, तेच. चप्पल, तेच.

तिने डबी पुन्हा उघडली आणि कवळी हेडमास्तरांच्या साच्यांवर बसवली. चाव्याखाली धरायचा निळा कागद तिने दातांमध्ये धरला आणि साचे एकमेकांवर दाबले. निळा डाग फक्त डाव्या एका दाढेवर. बाकीचे दात नुसते शोभेला. हेडमास्तर पाचव्या घासाला कळवळत डॉक्टरांकडे गेले असते आणि हिच्या हातचं काम गेलं असतं. दोष टोळाचा नव्हता. दाढ हिनेच उंच बसवली होती.

टोळाचे आभार मानावेत, असं तिला एक क्षण वाटलं. मग चप्पल दिसली आणि तो क्षण गेला.

मशीनवर दाढ घासली, कागद धरला, पुन्हा घासली. सगळ्या दाढांवर सारखे निळे ठिपके उमटले तेव्हाच उठली. चारला पाच कमी असताना कवळी डॉक्टरांच्या टेबलावर होती.

संध्याकाळी फोन आला. "बाई, हेडमास्तरांनी इथेच बसून सफरचंद खाल्लं! अख्खं! यावेळी कशावर तपासलीत?"

"नेहमीसारखीच," ती म्हणाली.

"तो ओंगळ साबण फेकलास ना?" सासूबाईंनी विचारलं.

"फेकला," ती म्हणाली आणि निळ्या कागदाच्या खणात साबण ठेवून खण बंद केला.

"म्हणजे मी चांगलं काम केलं?" टोळाने विचारलं.

"तू अस्वल शिवायला बस."

तेवढ्यात नवरा आला, चपलेकडे बघत उभा राहिला. "ही कोणी चावली?"

"हेडमास्तरांनी. आणि बसू नका. ती दगडाची बादली बाहेर न्यायचीय, पाठ सांभाळून."