रेघमावशींचं चाक

कपबश्यांच्या कारखान्यात तीस वर्षं कपाच्या काठाला निळी रेघ ओढणाऱ्या रेघमावशींना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. जीभ मात्र शाबूत राहिली, हे घरच्यांचं दुर्दैव.

दवाखान्यात चित्रं काढायला लावून हात हलवून घेणारी एक ताई होती. तिने टेबलावर कागद पसरला, मावशींच्या बोटांत खडू अडकवला.

"मावशी, छानसा गोल काढा बघू."

"बालवाडीत घातलंय का मला?"

पाच आठवडे हीच खडाजंगी. हात काही टेबलावरून उठेना. शेवटी कारखान्याचा फोरमन राजीनाम्याचा फॉर्म घेऊनच आला.

मुलगा म्हणाला, "आई, सही नाही जमली तर डावा अंगठा दे. बस झालं आता."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अंगठा देतेय माझी बला! फोरमनसाहेब, उद्या माझं चाक आणा. रंग, कुंचला आणि एक कोरा कप."

"गोल काढायला चाक कशाला?" ताई गोंधळली.

"अगं, रेघ ओढताना हात फिरतच नाही, चाकावरचा कप फिरतो. हात नुसता हवेत धरायचा. पाच आठवडे उलटंच शिकवतेयस तू मला!"

ताईचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी फोरमनने आणलेलं चाक टेबलावर बसवलं तिनेच, बिनसहीच्या फॉर्मशेजारी.

मावशींनी डाव्या हाताने चाकाला गती दिली. उजवा खांदा थरथरला. दातओठ खाऊन त्यांनी कोपर उचललं, वीतभर. कुंचला कपाला टेकला. रेघ उमटली, वेडीवाकडी, आणि टोकं जुळलीच नाहीत.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा कप आपण कपाटात ठेवू. सगळ्यांना दाखवू!"

"खबरदार! फोरमनसाहेब, आपल्याकडे असल्या रेघेचं काय करतात?"

"रंग ओला असतो तोवर पुसतात."

फडकं कुणी आणलं नव्हतं. मावशींनी डाव्या हाताने समोरचा फॉर्म उचलला, चुरगळला आणि रेघ पुसून टाकली.

"अहो मावशी, राजीनामा होता तो!"

"मग? कामाला आला की नाही?"

फोरमनला हसू आवरेना. "बरं, खुर्ची राखून ठेवतो."

"ठेवालच! न ठेवून सांगता कुणाला?"

चाक पुन्हा फिरलं. मावशींचा उजवा हात अजून खाली आलाच नव्हता.