डावीकडचा भात

ड्रायव्हरसाहेबांना पक्षाघाताचा झटका आला त्याला तीन महिने होत आले. पाय हळूहळू उचलता यायला लागला, जीभही सुटली. आणि सुटली ती थेट बायकोवर!

"अगं, एवढंसंच वाढलंस? उपाशी मारतेस का मला?"

ताटाच्या डाव्या बाजूला भात जसाच्या तसा. डोळे ठणठणीत होते हो, पण त्यांच्या मेंदूच्या लेखी डावीकडे जगच उरलं नव्हतं. बायको मुकाट्याने ताट फिरवायची. भात समोर आला की स्वारी खूश. परवा तर त्यांनी बहिणीजवळ गाऱ्हाणं केलं, "ही मला पोटभर घालत नाही." नणंदबाई उजवीकडच्या खुर्चीत, तिच्याशी तासभर गप्पा. आणि डावीकडे उभी राहून जिने अंग पुसलं, औषधं दिली, तिच्याकडे ढुंकूनही बघणं नाही. बायकोला रडूसुद्धा येईना, इतकी ती दमली होती.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मात्र चिडली. "काकू, ताट तुम्हीच फिरवलंत तर काकांची मान कशाला फिरेल? उद्या चालताना डावीकडचं दार दिसायचं नाही, आपटतील. मेंदूला आत्ताच सवय लावायला हवी. ताटाला हात लावायचा नाही, आणि बसायचं डावीकडेच."

सांगायला हिचं काय जातंय! एकेका जेवणाला तास जाणार, धुणं तसंच पडणार. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी बायको डावीकडे बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"भात संपला."

"आहे अजून. डावीकडे बघा."

"नाही म्हणतो ना! चेष्टा करतेस?"

"बस चालवताना डावा आरसा बघायचात ना? तसं बघा. ताटाची कड चाचपत या."

शिव्या घालत घालत त्यांचं उजवं बोट कडेवरून सरकू लागलं. थांबलं. पुन्हा सरकलं. बायकोचे हात शिवशिवत होते, पण तिने ते उचलले नाहीत. बोट भातात रुतलं आणि त्यामागून मान वळली. भातापाशी न थांबता आणखी थोडी वळली.

ते बघतच राहिले.

"अगं, किती वाळलीस! इथे कधीपासून बसलीयेस?"

"तीन महिने झाले," बायको म्हणाली. "जेवा आता, भात गार झाला."