हलकी लेन्स

फितीचं शेवटचं टोक दुमडलं होतं. तपासणीचा नमुना बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून कापलेल्या, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहूनही पातळ चकत्या एकमेकींना चिकटून कोमट पाण्यावर तरंगत होत्या, सगळ्या सपाट, फक्त शेवटच्या चकतीचा कोपरा आत वळलेला – ब्रशनं फीत उचलून पाण्यावर सोडताना वळला असणार. किंवा पाणी गार झालं असेल. किंवा पात्याची धार गेली असेल. प्रयोगशाळेतल्या इतक्या वर्षांत असा कोपरा दुमडला की ती पातंच बदलत आली होती, दुसरं कारण शोधायची गरज पडली नव्हती. आता मात्र पाणी आणि पातं या दोन्हींच्या आधी तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हातात ब्रश होता. ब्रश स्थिर होता... बहुधा.

हे ‘बहुधा’ अलीकडचं. ताईच्या, तिच्या मोठ्या बहिणीच्या, अंगठ्यात थरथर सुरू झाली, डॉक्टरांनी कंपवात असं आजाराचं नाव सांगितलं, आणि सगळं घर ताईच्या हाताकडे बघायला लागलं, तेव्हा ही गुपचूप स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. एका बहिणीला झाला म्हणून दुसरीला होतोच असं नाही, बहुतेक वेळा होत नाही, हे तिनं वाचलं होतं, आणि आकड्यांवर तिचा विश्वास होता. पण तिचं सगळं या हातांवर उभं होतं. एखादा अवघड, चुरा होणारा नमुना आला की प्रयोगशाळेतले डॉक्टर मान वर न करता म्हणत, बाईंकडे द्या – आणि तिच्याकडे दिला की तो नीट कापला जाई. हात गेले तर ‘बाई’ म्हणून उरेल ती कोण, हे तिला खरंच सांगता आलं नसतं.

आणि म्हणून कॅमेऱ्याला नवी लेन्स. असं ती कुणाला म्हणाली नव्हती. सगळ्यांना सांगितलं ते असं की कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स जवळचंच दाखवते, मला लांबचं हवंय. तेही खोटं नव्हतं. समोरच्या इमारतीच्या काचा पुसणारा दोरावर बसून शिट्टी वाजवतो तेव्हा त्याचे गाल कसे होतात. पलीकडच्या गच्चीवरची मांजर कबुतराकडे बघते की कबुतराच्या सावलीकडे – जवळ गेलं की या गोष्टी बदलतात, माणूस शिट्टी थांबवतो. न बदलता बघायचं तर लांबूनच. पण दूरचं जवळ आणणारी लेन्स हाताची थरथरही तेवढीच मोठी करते, हे तिनं एका संध्याकाळी दोनदा वाचलं होतं, भीतीनं की उत्सुकतेनं ते तपासलं नव्हतं.

दुपारनंतर सुट्टी घेऊन ती दुकानात गेली. ताई बरोबर आली. घरी बसून सगळ्यांचे चेहरे बघण्यापेक्षा बरं, म्हणाली. दुकान अरुंद होतं, काचेच्या कपाटांत लेन्सा डोळे मिटून बसलेल्या, कोपऱ्यात एक खुर्ची. ताई खुर्चीत बसली, पर्स मांडीवर, पर्सखाली उजवा हात. दुकानदाराच्या ते लक्षात आलंच, तो नजर इकडेतिकडे करू लागला, तेव्हा ताईनं हात बाहेर काढून त्याला दाखवला. अंगठा तर्जनीवर फिरत होता, काहीतरी वळत असल्यासारखा.

“दिवसभर गोळ्या वळते,” ताई त्याला म्हणाली, “आणि वरून गोळ्याच गिळते.”

तो हसावं की नाही अशा बेतानं हसला आणि त्यानं दोन लेन्सा काउंटरवर ठेवल्या. एक वापरलेली, रुंद तोंडाची, जवळजवळ पाण्यानं भरलेल्या तांब्याएवढी जड. काच उत्तम, पण थरथर सांभाळायची सोय नाही. दुसरी नवी, बारीक, बाहेरून प्लॅस्टिकची, इतकी हलकी की रोज पिशवीत टाकून विसरून जावं. उजेड थोडा कमी घेते, पण आत थरथर सांभाळणारी यंत्रणा, बाजूला ती चालू-बंद करायची कळ. त्यानं समजावून सांगितलं आणि तिनं ते ऐकून घेतलं, जरी ते तिला आधीच पाठ होतं – आत हालचाल ओळखणारे दोन इवलेसे संवेदक, हात डावीकडे गेला की आतलं एक भिंग उलटीकडे सरकतं. म्हणजे थरथर थांबत नाही. तिच्यामागे सारखं कुणीतरी निस्तरत फिरतं, एवढंच... आणि फोटोत ते कुणाला दिसत नाही. मलाही नाही. हेच तर मला नको होतं ना? की हेच हवं होतं?

रस्त्यापलीकडे एका चांभाराची पाटी होती. तिनं हलकी लेन्स कॅमेऱ्याला लावली, पाटी चौकटीत घेतली, बटण अर्धं दाबलं – आणि डचमळणारी अक्षरं हळूच जागेवर बसली, कुणी खांद्यावर हात ठेवल्यासारखी. फोटो लख्ख. मग अंगठ्याच्या नखानं कळ बंद केली. पुन्हा तीच पाटी, तोच उजेड. प्रत्येक अक्षराला शेजारी एक फिकट अक्षर फुटलं होतं.

ती त्या फिकट अक्षरांकडे बघत राहिली. किती, हा प्रश्न होता. एवढं कुणाचंही हलेल की एवढं फक्त माझं? तिनं दुकानदाराला कॅमेरा दिला, तुम्ही काढा म्हणाली. त्यानं काढला, त्याचीही अक्षरं दुहेरी, थोडी कमी की थोडी जास्त, ठरेना. “सगळ्यांचाच हात हलतो, मॅडम,” तो म्हणाला, “म्हणून तर ही खपते.” पण त्याचा हात तुलनेला घेऊन काय करायचं? तुलनेला तिचाच जुना हात हवा होता, ताईचा आजार कळायच्या आधीचा, आणि तो कुणी जपून ठेवलेला नव्हता. तिनं पुन्हा काढला. पुन्हा. श्वास रोखून, मग श्वास सोडून, मग कोपर काउंटरवर टेकून. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर. तिनं ठरवलं – जड घ्यायची. जड लेन्स काही लपवणार नाही. रोज फोटो काढायचे, रोज बघायचं, महिन्याभरात कल दिसेल. तिनं तसं सांगितलं. दुकानदाराला नवल वाटलं, रोजच्या वापराला ही मानेला जड होईल म्हणाला, पण तिचा चेहरा बघून खोकं आणायला आत गेला.

आता ताई उठून काउंटरपाशी आली, बहिणीच्या हातातून कॅमेरा घेतला, हलकी लेन्स अजून त्यालाच होती, आणि रस्त्याकडे रोखला.

ताईचा उजवा हात कॅमेऱ्यावर आला, बोटं वळली – आणि शांत झाली. लेन्सच्या आत निस्तरणारं कुणी नव्हतं, कळ तर हिनंच मघाशी बंद केली होती. पण बाहेर, तिच्या डोळ्यांसमोर, मघाशी तर्जनीवर सारख्या फिरणाऱ्या अंगठ्यानं कॅमेरा धरला होता आणि तो जवळजवळ हलत नव्हता. ताईनं फोटो काढला. खास आला नव्हता, तिच्या फोटोंइतकाच वाईट.

“हिची कळ तूच बंद केलीस ना?” ताई कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत म्हणाली. “लेन्स बघतेयस की हात?”

तिचं बोट आपोआप कळेकडे गेलं.

“अगं चिमे, माझा हात काम करताना कुठे हलतो? धरायला काही नसलं की हलतो. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू शेजारीच बसली होतीस.”

बसली होती. तिनं ते लिहूनही घेतलं होतं, तिच्याच अक्षरात कुठेतरी असेल – विश्रांतीत कंप, हालचालीत कमी. तिला एकदम आपल्या कानांत ऊब चढलेली जाणवली, कामावर नवख्या मुलीनं चुकीचं रसायन ओतलं की त्या मुलीच्या कानांत चढते तशी. ब्रश, चहाचा कप, पातं, कॅमेरा: जिथे कंप दिसणारच नाही नेमक्या तिथेच ती तो शोधत होती. आणि नुसतं एवढंच नाही... संध्याकाळी टीव्ही बघताना आपण शेंगा सोलायला घेतो, बसमध्ये पिशवीचा बंद बोटाला गुंडाळतो, झोपताना हात उशीखाली – कधीपासून? हे शोधणं होतं की लपवणं? दोन्ही एकाच हातानं, एकाच वेळी करता येतं हे तिला माहीत नव्हतं, आणि भीती वाटायच्या आधी तिला त्याचं कुतूहलच वाटलं.

दुकानदार खोकं घेऊन आला तेव्हा तिनं हलकीच द्या, लांबचं बघायला हवीय, म्हणून सांगितलं. त्यानं जड लेन्सचं खोकं परत आत नेलं.

बाहेर झाडाखाली एक बाक होता. ताई दमली होती, बसली. ही शेजारी बसली, लेन्सचं खोकं मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं.

“दे इकडे ते,” ताई म्हणाली.

“राहू दे, हलकंच आहे.”

“माहितेय. दे.”

ताईनं खोकं ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं, त्यामुळे तिचा अंगठा गप्प झाला. मग तोंड रस्त्याकडे वळवून ती म्हणाली, मी नाही बघत, तुझं चालू दे.

हात मांडीवर उरले. पालथे ठेवले की उताणे, कसे ठेवतात रिकामे हात, हेही पटकन आठवेना... उताणे ठेवले. ती लगेच खाली बघू शकली नाही. आधी समोरून जाणारी एक सायकल जाऊ दिली, मग तिच्यामागची माणसं. मग बघितलं. डाव्या करंगळीचं पेर किंचित आत वळलेलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तळहातावर मेणाचा एक पापुद्रा अजून चिकटलेला, खाली त्वचा गुलाबी. बोटं अर्धी मिटलेली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी, कुणाचीही असावीत अशी. ती हलतात का हे सांगायला थोडा वेळ बघावं लागणार होतं, आणि तेवढा वेळ आपल्याकडे आहे असं तिला वाटलं. ती जरा पुढे वाकली.