करारातलं भाडेकरूचं नाव

लिफ्ट दुरुस्त करणारा हा गृहस्थ माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात कागद कमी आणि तक्रारी जास्त घेऊन आला. मायदेशी त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट, नऊ वर्षं भाड्याने दिलेला. भाडं तिकडच्या बँकेत जमा, त्यावरचा करही तिकडेच भरलेला. इथल्या विवरणपत्रात मात्र त्याचा मागमूस नाही. आता कर खात्याचं पत्र आलं होतं.

“एकाच भाड्यावर दोन सरकारांनी हात मारायचा?”

“राहता इथे, म्हणून जगात कुठेही मिळवलेलं इथे दाखवायचं. तिकडे भरलेला कर इथल्या करातून वजा होतो, वरचा फरक भरायचा. तुम्ही दाखवलंच नाहीत, म्हणून दंड.”

“अहो, पण पैसा इथे आणलाच नाही मी!”

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. मी करारनामा मागितला आणि दुरुस्तीची बिलंही. खर्च वजा झाला तर तेवढाच दिलासा.

“भाडेकरू कोण?”

“देव जाणे. ताई बघते सगळं. कागद पाठवते, मी सही करतो. दोनदा भाडं वाढवायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘राहू दे रे, एकटी बाई आहे.’ म्हटलं, आपण काय धर्मशाळा काढलीय?”

तो हसला. मीही हसले, माझी फी तासावर असते.

पंधरा दिवसांनी ताईने कागद पाठवले. त्याने ते न उघडताच माझ्याकडे ढकलले. तो आला तेव्हा मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

“हे नाव ओळखीचं आहे?”

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. खाली त्याचीच झोकदार सही होती.

“भावोजी गेले त्या वर्षीचा करार,” तो म्हणाला. “तेव्हा हप्ते चालू होते माझे. ताईला म्हटलं होतं, घर रिकामं ठेवणं परवडत नाही.” मग एकदम, “मॅडम, हे उत्पन्न धरू नका. परत करतो तिला.”

“जरूर करा. पण मिळालं ते मिळालं. बहिणीकडून आलं म्हणून खातं सूट देत नाही.” बिलांचं सांगायला जीभ रेटेना, पण सांगितलं. गळती, रंग, नवे नळ, सगळा खर्च तिने केलेला. त्याच्या नावावर वजा करण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याने तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

“ताई, बोलली का नाहीस?”

“कशाला? फुकट राहा म्हणाला असतास. भाडं देते, मान वर करून राहते.”

“सगळे पैसे पाठवतो.”

“वेडा आहेस का? मग मी कोण, पाहुणी?” मग ती म्हणाली, “विषय निघालाच आहे तर विचारते. करारात आहे, मालकाला विचारल्याशिवाय भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ह्यांचा फोटो अजून टेबलावरच आहे. ठोकू का?”

तो खिडकीकडे वळला.

“ठोक गं. दहा ठोक.”

“फोटो एकच आहे रे,” ती म्हणाली.