मायच्या डब्याची पोच

माह्या मायले, जाईबाईले, एकच ध्यास: पोरगी उपाशी राहाले नको. मी अकोल्यात, ती बार्शीटाकळीत. डबा एसटीनं येते. आत रोडगे-भाजी, वर फडकं, फडक्यावर माहं नाव, त्यावर थैली अन् थैलीवर फक्त ‘श्याम, अकोला स्टँड’. ‘डबा भेटला’ म्हणून माहा फोन नाही गेला, तर बाई पुढच्या गाडीनं दुसरा डबा धाडते! डोकं उठवते नुसतं.

त्या दिवशी एका खासगी कॉलेजात माहा डेमो होता. तासिकेवर शिकवून कटाळली होती मी, ही कायमची नोकरी पाहिजेच होती. विषय कॉम्प्युटर नेटवर्कचे थर. फळ्यावर एकाखाली एक थर काढले, तं पोरं जांभया देऊन राहिली. मागच्या बाकावर प्राचार्य महादेवराव घड्याळ पाहून राहिले. गेली नोकरी, म्हटलं.

तेवढ्यात दारात स्टँडवरचा पानठेलेवाला श्यामभाऊ. मायनंच त्याले फोन करून कॉलेजात धाडलं होतं. "ज्योत्स्नाताई, डबा!"

पोरं फिदीफिदी हसली. असा राग आला मले! थैलीसकट डबा घेतला अन् टेबलावर आपटला.

"पाहा रे! डबा म्हणजे तुमचा मेसेज. तो फडक्यात बांधला, नाव टाकलं. फडकं थैलीत, थैलीवर स्टँड. ड्रायव्हर थैली वाचते, श्यामभाऊ नाव वाचते. भाजी कोणीच चाखत नाही. बांधताना आतून बाहेर, सोडताना बाहेरून आत. हेच थर!"

एक पोरगी उठली. "मॅडम, थैली हरवली तं?"

"तं पोच जात नाही. धाडणारा वाट पाहते अन् पुन्हा धाडते."

मंग काय, हातामागून हात वर! महादेवराव घड्याळ विसरले. मायचा फोन आला, मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला.

डेमो झाल्यावर मुलाखतीले बसली, तं दारात घामाघूम श्यामभाऊ, हातात दुसरी थैली. "काकूनं धाडला. तुमी फोन उचलून नाही राहिल्या म्हणे."

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. महादेवराव मात्र पोट धरून हसले. "पोच नाही गेली न! आना मंग, हा आमचा." रोडगा मोडत म्हणाले, "सोमवारपासून या. अन् आधी मायले फोन लावा, नाहीतर तिसरा येईन."

व्हरांड्यात येऊन फोन लावला. "माय, भेटलं वं."

"काय भेटलं? डबा का नोकरी?"

"दोनी."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, अन् मी बी तिथंच रडली, हसत हसत.