काकूंचं लाटणं आणि मी

मी पंप बोलतोय. जिथे गाड्या रांग लावतात तो नव्हे. मी जेमतेम दोन मुठींएवढा. एका जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारच्या डिकीत चटईखाली बसतो आणि टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवतो. बोलायची खरं तर लाज वाटते, पण आता गप्प राहण्याची जास्त वाटते.

मी कारखान्यात जन्मलो तेव्हा माझ्या पोटात धातूच्या दोन इवल्या टिकल्या होत्या. त्या एकमेकींना टेकल्या की वीज वाहायची, सुटल्या की थांबायची, आणि त्या टेकण्या-सुटण्यातून मी टकटक करत पेट्रोल ओढायचो. इंजिनाचं पोट भरलं की आपोआप गप्प. गाडीचे मालक दातांचे डॉक्टर. ते किल्ली फिरवत, मान तिरकी करून माझी टकटक ऐकत आणि ती थांबली की मगच इंजिन चालू करत. दवाखान्यात समोरच्याचं तोंड उघडं असूनही त्याला बोलता येत नाही, त्यामुळे ऐकायची सगळी हौस ते माझ्यावर भागवत.

वय झालं तशा टिकल्या जळून काळ्या पडल्या आणि मी भर रस्त्यात अडायला लागलो. इलाज एकच, मला ठोकणं. डॉक्टर स्टिअरिंग सोडायला तयार नसत, म्हणून ते काम त्यांच्या बायकोकडे आलं. मेकॅनिक त्यांना काकू म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. काकूंनी स्वयंपाकघरातलं एक झिजलेलं लाटणं डिकीत आणून ठेवलं होतं. गाडी अडली की त्या उतरायच्या, चटई उचलायच्या आणि माझ्या डोक्यात एक ठेवून द्यायच्या.

"अहो, हा अगदी तुमच्यासारखा आहे. बोलणी खाल्ल्याशिवाय हलत नाही."

"बोलणी कुठली, तू तर हाणलंस."

"तुमचं बोलण्यावर भागतं, हे नशीब समजा."

दोघंही हसायची. मला हसू यायचं नाही. चारचौघांत मार खाल्ल्याशिवाय काम न करणं ही काय कौतुकाची गोष्ट आहे?

मग काकूंचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. ही गाडी इतकी बुटकी की तीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसायचं. तरी त्या बसायच्या, कारण संध्याकाळी दोघांनी तलावाला एक चक्कर मारायची हा त्यांचा शिरस्ता होता. आणि एका संध्याकाळी मी निर्लज्ज नेमका चौकात अडलो. मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, "अगं थांब, मी उतरतो." पण हाताची सवय जाते थोडीच? काकू काठीसकट अर्ध्या उतरल्याही होत्या. लाटण्यापर्यंत पोचण्याआधीच त्या रस्त्यावर पडल्या, त्याच गुडघ्यावर. त्यांचं कण्हणं मी चटईखालून ऐकलं. नंतर डॉक्टरांनी ठोकल्यावर मी निमूट चालू झालो, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यानंतर तलावाची वेळ झाली की काकू म्हणायच्या, "तुम्ही या जाऊन. मी घरी बरी." डॉक्टर एकटे निघायचे आणि कोपऱ्यावरूनच परत यायचे. शेवटी त्यांनी मेकॅनिकला सांगितलं, "गाडीला गिऱ्हाईक बघ. शेजारची सीट रिकामी ठेवून चालवायची कशाला?"

"काका, विकता कशाला? पंप बदलू की," मेकॅनिक म्हणाला. त्यानं मला काढून फळीवर ठेवलं आणि एक चकचकीत आधुनिक पंप बसवला. मला वाईट वाटलं नाही. सुटलो एकदाचा, असंच वाटलं.

पण नवा पंप टकटकणाऱ्यातला नव्हता. डॉक्टर किल्ली फिरवून, मान तिरकी करून बसून राहिले. जी टकटक सुरूच झाली नव्हती, ती थांबायची वाट बघत. तोवर त्या गड्यानं इतक्या जोरानं पेट्रोल ढकललं की ते इंजिनाशी उतू गेलं. मेकॅनिकनं धावत येऊन किल्ली बंद केली. "चुकलं माझं, काका. या म्हाताऱ्या इंजिनाला एवढा दाब सोसत नाही."

मग त्यानं मलाच उघडलं, जळक्या टिकल्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी नखाएवढा इलेक्ट्रॉनिक भाग बसवला. तो जळत नाही, चिकटत नाही. टकटक मात्र जुनीच राहिली.

आता तलावाच्या दोन-दोन चकरा होतात, आणि शेजारची सीट रिकामी नसते. डॉक्टर भेटेल त्याला सांगतात, "पंप मूळचाच हं. बघा कसा चालतोय." मला चटईखाली तोंड कुठे लपवू असं होतं. चालतो तो नखाएवढा पाहुणा, मी नुसता डबा.

काल परतल्यावर काकूंनी डिकी उघडायला लावली. लाटणं उचललं, रुमालानं पुसलं आणि पिशवीत टाकलं. मग काठीवर भार देऊन वाकल्या आणि माझ्या पोचे पडलेल्या डोक्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"फार मारलं रे तुला," त्या म्हणाल्या. "राग धरू नकोस."

ज्याच्यापायी त्या भर चौकात पडल्या, त्याचीच समजूत काढत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं. पण किल्ली बंद होती, आणि किल्ली बंद असली की मला आवाज नसतो.

म्हणून तुम्हाला गाठलं. आज संध्याकाळी डॉक्टर किल्ली फिरवतील, मान तिरकी करतील. ती टकटक पेट्रोलची आहे असंच त्यांना वाटेल. काकूंना मात्र कुणीतरी हळूच सांगा, की त्यातली पहिली थोडी त्यांच्यासाठी आहे.